समच्छेद आणि छेदगम

बीजगणित या विषयाशीं आपल्या सुशिक्षित कुटुंबांचें नातें मोठें विचित्र आहे. तो विषय आपल्या पूर्वजांनीं वाढविला याचा आपण अभिमान बाळगतों, आणि त्याच विषयाचें पुस्तक मुलाच्या हातीं आलें कीं घरांत चिंता पसरते. इ. स. २०१४ मध्यें भास्कराचार्यांच्या जन्मास नऊशें वर्षें पूर्ण झालीं. त्यांचें नांव आदरानें घेणारे लोक घरोघर आहेत. परंतु त्यांनीं बीजगणितांत काय सांगितलें, कोणत्या क्रमानें सांगितलें आणि त्या क्रमांत काय हेतु होता, याची विचारपूस करणारा विरळा. नुसत्या नामस्मरणानें विद्येचा वारसा टिकत नाहीं. म्हणून आज आम्ही मुलांना रोज अडविणारा एक लहानसा प्रश्न घेऊन त्याचें उत्तर आपल्या जुन्या ग्रंथांत कसें सांपडतें, तें वाचकांपुढें ठेवणार आहोंत.

प्रश्न असा. अपूर्णांकांची बेरीज मुलगा अंकगणितांत शिकलेला असतो. बीजगणितांत त्याच बेरजेंत अंकांच्या जागीं अक्षरें येतात. त्याला २/क्ष आणि ३/(क्ष+१) यांची बेरीज करावयास सांगितली आहे असें समजूं. तो दोन्ही छेदांचा गुणाकार करून समच्छेद करतो, अंशांची बेरीज ५क्ष+२ अशी बिनचूक आणतो, आणि मग छेद पुसून टाकून ५क्ष+२ एवढेंच उत्तर लिहून मोकळा होतो. उत्तरावर तांबडी फुली पडते. मुलाची तक्रार अशी कीं, कालच्या उदाहरणांत छेद काढून टाकला तेव्हां गुण मिळाले. आज तेंच केलें तर तें चूक कसें? काल विचारलें होतें तें असें: २/क्ष आणि ३/(क्ष+१) यांची बेरीज २ आहे, तर क्ष किती? डोळ्यांना दोन्ही उदाहरणें जवळजवळ सारखीं दिसतात. घरांतील मोठीं माणसें 'नियमच तसा आहे' म्हणून तक्रार मिटवितात, आणि येथेंच पुष्कळ मुलांचा गणितावरील विश्वास डळमळतो. जें शास्त्र कोणाच्याहि हुकुमावर चालत नाहीं, तेंच त्यांना हुकुमांची यादी वाटूं लागतें. मुलाची तक्रार रास्त आहे, आणि तिला उत्तर देणें हें आपलें कर्तव्य आहे.

उत्तराचें मर्म गणितापेक्षां व्याकरणाच्या उदाहरणानें लौकर कळतें. 'गोविंदाची काळी गाय' एवढेंच कोणी म्हटलें तर तें खरें कीं खोटें असें आपण विचारीत नाहीं. कारण बोलणारानें कांहीं विधान केलेलें नाहीं, एका वस्तूचा फक्त निर्देश केला आहे. 'गोविंदाची गाय काळी आहे' असें म्हटलें म्हणजे मात्र तें वाक्य होतें, आणि तें खरें आहे कीं नाहीं हें गोठ्यांत जाऊन पाहतां येतें. बीजगणितांतील राशि हा असा निर्देश आहे. समीकरण हें वाक्य आहे. २/क्ष + ३/(क्ष+१) हें एका संख्येचें नांव आहे. तें सोपें करून दुसऱ्या रूपांत मांडावें, पण ज्या संख्येचें तें नांव आहे ती संख्या बदलतां कामा नये. समीकरणांत दोन नांवें एकाच संख्येचीं आहेत असें विधान असतें. त्या दोन्ही संख्यांना एकाच संख्येनें गुणिलें तर दोन्ही बदलतात खऱ्या, पण त्यांची समता अभंग राहते. आणि आपणांस जपावयाची असते ती समताच. राशींत मूल्य जपावयाचें, समीकरणांत समता जपावयाची, हा सारा भेद आहे. मुलानें वरच्या उदाहरणांत क्षच्या जागीं २ घालून पाहिले तर त्याची त्यालाच खात्री पटेल. मूळ बेरीज १ अधिक १ म्हणजे २ येते. छेदासह उत्तर १२/६, म्हणजे २ च येतें. छेद पुसून टाकला तर १२ होतात. दोनाचे बारा करण्याचा अधिकार त्याला कोणीं दिला?

आतां या भेदाचा इतिहास पाहूं. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मधील. छत्तिसाव्या वर्षीं, शके १०७२ म्हणजे इ. स. ११५० मध्यें, त्यांनीं सिद्धांतशिरोमणि रचला. त्याचे लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे चार भाग आहेत. यांपैकीं बीजगणित या भागाची रचना लक्षपूर्वक पाहिली तर असें दिसतें कीं, ग्रंथाचे सरळसरळ दोन खंड आहेत. पहिल्या खंडांत धन आणि ऋण संख्यांचीं सहा कर्में, शून्याचीं कर्में, अव्यक्ताचीं म्हणजे अज्ञात संख्यांचीं कर्में, करणींचीं कर्में, आणि त्यापुढें कुट्टक, वर्गप्रकृति व चक्रवाल हे विषय येतात. हे संपल्यावर आचार्य वाचकाला थांबवून सांगतात कीं, येथवर जें सांगितलें तें बीजाला उपयोगी पडणारें गणित होय. आतां प्रत्यक्ष बीज सांगतों. आणि मग एकवर्ण समीकरण, मध्यमाहरण, अनेकवर्ण समीकरण व भावित हे विषय सुरू होतात.

या एका विधानाचें महत्त्व आम्हांस फार वाटतें. अव्यक्त राशींची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार हें सर्व भास्कराचार्यांच्या दृष्टीनें पूर्वतयारी आहे. बीज म्हणजे समीकरण. सुताराच्या मुलानें आधीं करवत व रंधा धरावयास शिकावें आणि मग दार करावयास घ्यावें, तसा हा क्रम आहे. रंधा मारणें आणि दार करणें यांत गल्लत होऊं नये म्हणून आचार्यांनीं दोहोंच्या मध्यें स्पष्ट सीमा आंखून ठेविली आहे. आपल्या शाळांत राशि आणि समीकरणें एकामागून एक, कित्येकदां एकाच आठवड्यांत येतात, आणि दोहोंमधील उंबरठा मुलाला कोणी दाखवीत नाहीं.

हा भेद आचार्य प्रत्यक्ष उदाहरणांत कसा पाळतात तें पाहण्यासाठीं त्यांच्या मध्यमाहरण प्रकरणांतील, म्हणजे वर्गसमीकरणांतील, माकडांचें उदाहरण घेऊं. माकडांच्या एका कळपाचा पांचवा भाग घेतला, त्यांतून तीन वजा केले आणि बाकीचा वर्ग केला. तितकीं माकडें गुहेंत गेलीं. एक माकड फांदीवर चढलेलें दिसलें. तर कळपांत माकडें किती?

आचार्यांच्या लेखनपद्धतींत अज्ञात संख्येला 'यावत्तावत्' म्हणतात आणि त्याचें आद्याक्षर 'या' लिहितात. तिच्या वर्गाला 'याव' आणि नुसत्या अंकाला 'रू' म्हणजे रूप लिहितात. ऋण संख्येच्या डोक्यावर बिंदु देतात. छपाईच्या सोयीसाठीं आम्ही बिंदूच्या ऐवजीं 'ऋण' हा शब्द लिहितों. कळपाचें मान या १ धरलें. त्याचा पांचवा भाग म्हणजे या १, छेद ५. त्यांतून ३ वजा करावयाचे. त्यासाठीं ३ ना १५, छेद ५ असें रूप दिलें, म्हणजे बाकी आली या १ रू ऋण १५, छेद ५. तिचा वर्ग याव १ या ऋण ३० रू २२५, छेद २५. यांत फांदीवरचें एक माकड मिळवावयाचें; १ म्हणजे पंचवीस पंचविसांश, म्हणून बेरीज झाली याव १ या ऋण ३० रू २५०, छेद २५.

येथें वाचकांनीं थांबून पाहावें. आतांपर्यंत दोनदां समच्छेद झाला, एक वजाबाकी झाली, एक वर्ग झाला आणि एक बेरीज झाली. पण खालचा छेद एकदांहि गळला नाहीं. पांचाचा वर्ग पंचवीस झाला तरी तो प्रत्येक पायरीवर राशीच्या पायाशीं बसून आहे. कारण येथवर सर्व कारभार एकाच राशीचा चालला आहे आणि तिचें मूल्य राखावयाचें आहे. यानंतर आचार्य म्हणतात कीं, ही राशि कळपाएवढी आहे, म्हणजे या १ शीं सम आहे. वाक्य आतां पूर्ण झालें. दोन पक्ष उभे राहिले. दोन पक्ष उभे राहिल्यावरच ते 'समच्छेद' करून 'छेदगम' करतात. दुसऱ्या पक्षालाहि पंचविसाचा छेद देऊन तो या २५, छेद २५ असा मांडावयाचा, आणि दोहों पक्षांचा छेद आतां एकच झाल्यामुळें तो दोहोंकडूनहि एकदमच काढून टाकावयाचा. पक्ष उरले ते याव १ या ऋण ३० रू २५० आणि या २५. शोधन केलें, म्हणजे दोहों पक्षांतून सारखेंच वजा केलें, कीं एकीकडे याव १ या ऋण ५५ आणि दुसरीकडे रू ऋण २५० राहतात.

समच्छेद आणि छेदगम हे दोन शब्द आचार्यांच्या उदाहरणांत जोडीनें वारंवार येतात. समच्छेद राशींतहि करितां येतो आणि समीकरणांतहि करितां येतो. छेदगम मात्र दोन पक्ष असतील तेथेंच. आमच्या मुलांना नेमकें हेंच सांगावयाचें राहून जातें.

याच उदाहरणाचा शेवटहि शिकण्यासारखा आहे. वरील वर्गसमीकरणाचीं उत्तरें दोन येतात, ५० आणि ५. पन्नासाचा पांचवा भाग दहा, त्यांतून तीन गेले सात, सातांचा वर्ग एकूणपन्नास, आणि फांदीवरचें एक मिळून पन्नास, बरोबर जमलें. पांचाचा पांचवा भाग एक, त्यांतून तीन गेले म्हणजे ऋण दोन, त्याचा वर्ग चार, आणि एक मिळून पांच. अंकांच्या दृष्टीनें हेंहि जमतें. परंतु कळपाच्या पांचव्या भागांतून तीन माकडें कमी करावयाचीं आणि तो भागच एका माकडाचा, हें व्यवहारांत बसत नाहीं. म्हणून आचार्य दुसरें उत्तर अग्राह्य ठरवितात. उलट त्याच प्रकरणांत, कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग वनांत खेळत आहे आणि बारा माकडें टेकडीवर आहेत, असें दुसरें उदाहरण आहे. तेथें १६ आणि ४८ हीं दोन्ही उत्तरें ते मान्य करतात. म्हणजे छेद गेला, समीकरण सुटलें, तरी काम संपलें असें ते मानीत नाहींत. आलेलें उत्तर मूळ कथेंत परत नेऊन तपासावयाचें असतें.

लीलावतींतील अपूर्णांकांचें प्रकरण तर निव्वळ राशींचें आहे. दोन अपूर्णांकांचे अंश व छेद एकमेकांच्या छेदांनीं गुणावे, हा तेथील नियम; आजच्या अक्षरांत तो अ/ब + क/ड = (अड + बक)/(बड) असाच लिहावा लागेल. त्याबरोबरच बुद्धिमान मनुष्यानें छेदांना सामाईक भाजकानें भागून मगच गुणावें, अशीहि सूचना आहे. उदाहरणादाखल चौदाव्या भागांतून त्रेसष्ठावा भाग वजा करावयास सांगितला आहे. सातानें भाग दिला कीं ६३ आणि १४ यांचे ९ आणि २ होतात. समच्छेद १२६, बाकी ७/१२६ म्हणजे १/१८. लघुतम साधारण विभाज्याची जी युक्ति शाळेंत शिकवितात, तिचें हें जुनें रूप.

त्याच ग्रंथांतील कमळांचें उदाहरण घेतलें तर राशि आणि समीकरण एकाच कथेंत शेजारी शेजारी दिसतात. कोणा भक्तानें कमळांच्या राशींतून तिसरा भाग शंकराला, पांचवा विष्णूला, सहावा सूर्याला आणि चौथा देवीला वाहिला. उरलेल्या सहा कमळांनीं गुरुचरणांची पूजा केली. एकंदर कमळें किती? चारी भागांची बेरीज ५७/६० होते. ही राशि आहे. हिचा छेद पुसला तर सत्तावन उरतात, आणि सबंध वस्तूचे भाग तिच्या सत्तावनपट झाले असा अनर्थ होतो. आतां एकंदर कमळें क्ष धरून वाक्य पुरें करूं: क्षचे ५७/६० आणि ६ मिळून क्ष. येथें दोहों पक्षांना ६० नीं गुणावें; ५७क्ष + ३६० = ६०क्ष, म्हणून क्ष १२०. तोच साठ छेद बेरजेंत जपावा लागला आणि समीकरणांत सुखानें निघून गेला. लीलावतींत हें उदाहरण इष्टकर्मानें, म्हणजे एक संख्या कल्पून, सोडविलें आहे. ६० ही संख्या कल्पिली तर साठांतून तीन उरतात, उरावयास पाहिजेत सहा, म्हणून साठाची दुप्पट. उत्तर तेंच.

आतां लिपीचा प्रश्न. आज आपण जें दोन आडव्या रेघांचें समतेचें चिन्ह वापरतों, तें आपल्या जुन्या ग्रंथांत नाहीं. तेथें समीकरणाचे दोन पक्ष एकाखालीं एक अशा दोन ओळींत मांडीत. भास्कराचार्यांच्या एकवर्ण समीकरणांतील उदाहरण प्रसिद्ध आहे: एकाजवळ तीनशें रुपये आणि सहा घोडे आहेत, दुसऱ्याजवळ दहा घोडे आहेत पण शंभर रुपये कर्ज आहे, दोघांची मालमत्ता सारखी, तर घोड्याची किंमत काय? वरच्या ओळींत या ६ रू ३००, खालच्या ओळींत या १० रू ऋण १००. रूपांचें अंतर ४००, अव्यक्तांचें अंतर ४. म्हणून घोड्याची किंमत १००. अशा समीकरणासाठीं रूपांच्या अंतराला अव्यक्तांच्या अंतरानें भागण्याचा नियम ब्रह्मगुप्तांनीं इ. स. ६२८ मध्यें, म्हणजे भास्कराचार्यांच्या पूर्वीं पांचशेंहून अधिक वर्षें, ब्राह्मस्फुटसिद्धांतांत सांगून ठेविला होता. आणि त्यांचे नवव्या शतकांतील टीकाकार पृथूदकस्वामी यांनींहि पक्ष एकाखालीं एक मांडलेले आहेत. या पद्धतीचा एक मोठा गुण असा कीं, एकटी राशि एका ओळींत आणि समीकरण दोन ओळींत, असा भेद डोळ्यांनाच दिसे.

परंतु अभिमानाच्या भरांत दोष झांकूं नयेत. अपूर्णांकहि आपल्याकडे अंश वर आणि छेद खालीं असाच लिहीत, आणि दोहोंच्या मध्यें रेघ नसे. बारीक पाहतां, वरखालीं मांडणें हें एकच साधन दोन कामांना लाविलेलें होतें. म्हणूनच बहुधा छेदगम आधीं करून मग शोधनासाठीं पक्ष मांडण्याची चाल पडली असावी. छेद गेले म्हणजे वरखालच्या ओळी पक्षांच्याच, असा घोटाळा उरत नाहीं. अंशाच्या आणि छेदाच्या मधली रेघ बाराव्या शतकांत मगरिबांतील अल्-हस्सार याच्या गणितग्रंथांत आढळते, आणि इ. स. १२०२ च्या आपल्या ग्रंथांत पिसा येथील लिओनार्डो, ज्याला फिबोनाची म्हणतात, त्यानें ती युरोपांत नेली. इ. स. ८२० च्या सुमारास बगदादेंत अल्-ख्वारिज्मी यानें ज्या ग्रंथांत समीकरणांचें शास्त्र सांगितलें, त्या ग्रंथाच्या नांवांतील 'अल्-जब्र' या शब्दावरून युरोपांतील भाषांनीं बीजगणिताचें नांव घेतलें. पण त्या ग्रंथांतहि चिन्हें नाहींत, सर्व गणित शब्दांनींच सांगितलेलें आहे. समतेचें चिन्ह प्रथम छापिलें तें रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श वैद्यानें, इ. स. १५५७ मध्यें. दोन समांतर रेघांइतक्या सारख्या दुसऱ्या वस्तु असूं शकत नाहींत, असें त्याचें कारण. तरीहि तें चिन्ह लगेच रूढ झालें नाहीं, इ. स. १६३७ मध्यें देकार्त निराळेंच चिन्ह वापरीत होता.

या चिन्हानें गणिताचें अपार कल्याण झालें, यांत शंका नाहीं. पण त्याच्याबरोबर एक अडचणहि घरांत आली. राशीला नवें रूप देतांना दोन रूपांच्या मध्यें आपण हेंच चिन्ह घालतों, आणि समीकरण लिहितांनाहि हेंच. पहिल्या ठिकाणीं ती नित्य समता आहे. क्षच्या जागीं छेद शून्य न करणारी कोणतीहि संख्या घाला, दोन्ही बाजू जुळतील. दुसऱ्या ठिकाणीं ती प्रसंगापुरती समता आहे. क्षच्या एखाददुसऱ्या किंमतीलाच ती खरी ठरते, आणि ती किंमत हुडकणें हेंच काम असतें. मुलगा बेरीज सोपी करितांना मध्यें समतेचें चिन्ह पाहतो आणि आपल्यापुढें समीकरण आहे असें समजून दोहोंकडचे छेद उडवितो. त्याच्या चुकीचें मूळ मंदपणांत नाहीं. एकाच चिन्हाचे दोन अर्थ त्याला कोणी उलगडून सांगितले नाहींत, यांत आहे.

छेदगमाला आणखी एक मर्यादा आहे, ती येथें सांगितली पाहिजे. छेदांत अव्यक्तच असेल तर तो शून्य होण्याचा संभव असतो. क्ष/(क्ष−३) = ३/(क्ष−३) या समीकरणांत डोळे मिटून छेद काढला तर क्ष ३ येतो; पण ३ घातले कीं दोन्ही छेद शून्य होतात आणि मूळ वाक्यालाच अर्थ राहत नाहीं. म्हणजे या समीकरणाला उत्तरच नाहीं. शून्य छेद असलेल्या राशीला भास्कराचार्य 'खहर' म्हणतात, आणि तींत कांहीं मिळविलें किंवा वजा केलें तरी फरक पडत नाहीं असें सांगून तिला अनंत अच्युताची उपमा देतात. अनंताची ही जाणीव मोठी आहे. पण आजच्या गणितानें शून्यानें भागणें हें कर्मच वर्ज्य ठरविलें आहे, आणि हिशेबाच्या कामांत आपण आजचाच नियम पाळला पाहिजे. पूर्वजांच्या ज्ञानापुढें आपण गेलों, हें सांगण्यांत पूर्वजांचा अपमान होत नाहीं.

हे ग्रंथ नुसते रचून ठेविलेले नव्हते, ते शिकविलेहि जात. खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें जो शिलालेख आहे आणि जो डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं विद्वानांच्या नजरेस आणिला, त्यावरून भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादवराजा सिंघण याचे ज्योतिषी होते, आणि आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं त्यांनीं तेथें मठ स्थापिला, असें कळतें. पुढें चारशें वर्षांनीं, विदर्भांतील पयोष्णीकांठच्या दधिग्रामांतून काशीस गेलेल्या एका कुळांतील कृष्ण दैवज्ञ यांनीं बीजगणितावर बीजपल्लव ही टीका लिहिली. नियम सांगून न थांबता त्याची उपपत्ति, म्हणजे तो कां खरा आहे याचें कारण, देण्याकडे या टीकेचा विशेष कल आहे. समान राशींत समान मिळविलें, समान वजा केलें, समानानें गुणिलें वा भागिलें तरी समता ढळत नाहीं, हें शोधनाचें व छेदगमाचें कारण. इ. स. १६३४ च्या सुमारास बीजगणिताचें फारशींत भाषांतर अताउल्ला रश्दी यानें केलें, इ. स. १८१७ मध्यें कोलब्रुक यानें लीलावती आणि बीजगणित इंग्रजींत आणून लंडनास प्रसिद्ध केलें. परक्यांनीं जो ग्रंथ परिश्रमानें वाचला, तो आपण उघडूनहि पाहूं नये हें शोभत नाहीं.

आतां घरांतील वडील मंडळींस आमची एक सूचना आहे. मुलानें बीजगणिताचें उदाहरण समोर घेतलें कीं हातांत पेन्सिल घेण्यापूर्वीं त्याला एवढेंच विचारावें: हें पद आहे कीं वाक्य? कोणी कशाच्या बरोबर आहे असें म्हटलें आहे काय? म्हटलें नसेल तर समच्छेद करावा, अंशांची बेरीज करावी, आणि छेद शेवटपर्यंत सांभाळावा. मग एखादी लहान संख्या घालून आरंभींची आणि शेवटची किंमत एकच येते कीं नाहीं हें त्यानें स्वतःच पाहावें. म्हटलें असेल तर दोन्ही पक्षांचा समच्छेद करून छेदगम करावा, आणि आलेलें उत्तर मूळ वाक्यांत परत घालून तें खरें ठरतें काय, छेद शून्य तर होत नाहीं ना, आणि कथेंत तें बसतें काय, हें तपासावें. यासाठीं घरांतील कोणाला बीजगणित उत्तम येत असलें पाहिजे असें नाहीं. ज्या आईला वाक्य पुरें झालें कीं नाहीं हें कळतें, तिला हा प्रश्न विचारतां येईल. आणि 'नियमच तसा आहे' या उत्तरावर मुलाची बोळवण करण्याची पाळी तिच्यावर येणार नाहीं.